वाटेची वहिवाट



वापीच्या स्थानकावर उतरून सिल्वासामार्गे किलवणीस येणारा मनुष्य ही वाट वर्षातून कितीदा तुडवितो, ह्याचा हिशेब सहसा ठेवीत नाही. कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा, मध्येच एखादा टिकून राहिलेला ताड. मग दादरा, मग पुन्हा गुजरातची चिंचोळी पट्टी, मग नगर हवेली. सिल्वासात किलवणी नाक्यावर वळण, आणि तेथून शहर मागे पडत पडत भातखाचरे, साग, आंबे, कौलारू घरे. ज्याला ही वाट नित्याची झाली आहे त्या चालकाचे हात ती त्याच्या डोळ्यांपेक्षा अधिक ओळखतात. वळण येण्यापूर्वीच चाक वळू लागते, खड्डा दिसण्यापूर्वीच वेग उतरतो. घरी पोहोचल्यावर कोणी विचारले, 'वाटेत काय पाहिले?' तर उत्तर ठरलेले असते: 'रोजचीच वाट. तिच्यात पाहावयाचे काय?'

ह्या साध्या उत्तराचा विचार करणे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पाठशाळेत वैशेषिकदर्शनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास प्रशस्तपादांचा पदार्थधर्मसंग्रह वाचावा लागतो. त्यात बुद्धीचे विद्या व अविद्या असे दोन प्रकार सांगून अविद्येचे चार भेद केले आहेत: संशय, विपर्यय, अनध्यवसाय आणि स्वप्न. अंधुक उजेडात दिसलेले ते खोड की पुरुष, अशी बुद्धी हेलकावे खाऊ लागली म्हणजे संशय. गाईलाच घोडा समजणे हा विपर्यय. स्वप्न सर्वांच्या परिचयाचे आहे. राहिला अनध्यवसाय. परीक्षेत त्यावर प्रश्न फारसा येत नाही, म्हणून विद्यार्थी तो घाईने ओलांडतो. आणि खरे पाहता गृहस्थाच्या दिवसातील सर्वांत मोठा भाग ह्या एकाच भेदाने व्यापलेला असतो. वस्तू समोर आहे, इंद्रियाचा तिच्याशी संबंधही झाला आहे, परंतु 'काहीतरी आहे' ह्यापलीकडे बुद्धी निश्चयाला जात नाही, ही ती अवस्था होय.

अपरिचित वस्तूविषयी असे घडते हे कोणासही पटेल. ज्याने फणस कधी पाहिलाच नाही अशा वाहीक देशच्या मनुष्याला फणसाचे झाड पाहून 'हे काय असावे?' एवढेच वाटते. परंतु प्रशस्तपादांचे म्हणणे असे की, परिचित वस्तूविषयीही अनध्यवसाय होतो. कारण चित्त अन्यत्र गुंतलेले असते. जैन तार्किकांनी ह्या ज्ञानाचे जे उदाहरण दिले ते तर वाटेवरचेच आहे. चालणाऱ्याच्या पायाला गवताचा स्पर्श होतो. काहीतरी लागले एवढे त्याला कळते. काय लागले हे पाहण्यास तो थांबत नाही आणि पुढे निघून जातो. पूर्वाचार्यांनी ह्या ज्ञानाला अर्धेमुर्धे ज्ञान म्हणून सवलत दिली नाही, हे ध्यानात घ्यावे. त्यांनी ते अविद्येत घातले, गाईला घोडा समजण्याच्या पंक्तीस बसविले. रोजच्या वाटेने काही न पाहता आलेला मनुष्य खोटे काही बोलला नाही, एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही.

येथे भागवताचे श्रवण केलेले भाविक एक शंका काढतील. एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. नाथांनी ह्याच स्कंधावरील आपली टीका काशीक्षेत्री १५७३ साली पूर्ण केली आणि महाराष्ट्राच्या घराघरांत ते चोवीस गुरू पोहोचविले. त्यांत एक बाण घडविणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका तल्लीन झाला होता की, जवळून वाजतगाजत राजाची स्वारी गेली तरी त्याला तिचे भान झाले नाही. मग ज्याला वाटेवरचा राजा दिसला नाही त्याला अवधूताने गुरू करावे, आणि ज्याला वाटेवरचा ताड दिसला नाही त्याला आज अविद्येत ढकलावे, हा कोणता न्याय?

शंका उत्तम आहे. तिचे उत्तर मात्र त्या कथेतच आहे. बाण करणाऱ्याचे चित्त वाटेवर नव्हते, कारण ते बाणाच्या टोकावर होते. मोटारीत बसलेल्याचे चित्त वाटेवर नसते आणि बाणावरही नसते. ते काल कोणी काय बोलले ह्यावर असते, उद्या कोणाला काय उत्तर द्यावयाचे ह्यावर असते. लग्नाचा खर्च, भावाशी चाललेला जमिनीचा तंटा, कचेरीतील वरिष्ठाचा स्वभाव ह्यांवर असते. आणि तेथेही ते ठरत नाही. एकाग्रता आणि अन्यमनस्कता बाहेरून सारख्या दिसतात, ह्याचा पुष्कळ लोक लाभ घेतात. शिवाय तो कारागीर वाटेच्या कडेला बसला होता. चाक त्याच्या हाती नव्हते.

त्या चोवीस गुरूंविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पृथ्वी, वारा, आकाश, कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, हरिण, कोळी, पिंगला, कांकणे उतरवून भात कांडणारी कुमारिका: ह्यांतील एकाच्याही दारावर पाटी नाही. अवधूताला ते सर्व फिरता फिरता भेटले. वाटा त्याच्याही नित्याच्याच झाल्या असतील; अजगर व मधमाशी इतरांनीही पाहिली असेल. फरक असलाच तर पाहण्यात होता. मराठी भाषेने तर हे फार पूर्वीच ओळखले आहे. येथे 'वाट पाहणे' म्हणजे कोणाची तरी प्रतीक्षा करणे. ज्याला कोणी यावयाचे असते तोच वाट पाहतो. बाकीचे केवळ वाटेने जातात.

आता ज्या रूपकाशिवाय प्रवासावरील प्रवचन पूर्ण होत नाही त्याकडे वळू. कठोपनिषदात यमराज नचिकेत्याला रथाचे रूपक सांगतात. शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे, आत्मा हा रथी. एवढे प्रत्येक कीर्तनकार सांगतो आणि प्रत्येक श्रोत्याला ते पाठ असते. परंतु ह्या रूपकात वाट कोणती, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षित मंडळीही 'मोक्षमार्ग' असे उत्तर देतात. यमराजांनी तसे सांगितलेले नाही. ज्यांवरून घोडे धावतात ते विषय होत. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध. तेथे योजलेल्या 'गोचर' शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात मार्ग असाच केला आहे. म्हणजे डोळ्यापुढचा ताड, कानावर येणारा भोंगा, पहिल्या पावसाचा मातीचा वास, हीच ती वाट. आणि ज्याचा सारथी जाणता आहे त्याला ह्याच वाटेच्या पैलतीरी विष्णूचे परमपद प्राप्त होते, असे तेथेच पुढे सांगितले आहे. त्यासाठी निराळा, सजविलेला, निर्जन असा कोणताही रस्ता उपनिषदाने काढून ठेवलेला नाही. विषयांची निंदा करणाऱ्या वक्त्यांनी ह्याचा अवश्य विचार करावा. रस्त्यावर रागावून रथ हाकता येत नाही.

सारथ्याकडून अपेक्षा आहे ती लगाम धरण्याची, आणि लगाम धरावयाचा तर प्रथम पाहण्याची. त्याने न पाहिले तर त्याची किंमत रथात बसलेलाच देतो असे नाही. पुष्कळदा ती वाटेच्या कडेने चालणारा देतो.

किलवणीच्या बाजूला वाटेच्या कडेने चालणारे कोण असतात, हे एकदा लक्ष देऊन पाहावे. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या वारली व कोकणा स्त्रिया, शाळेत जाणारी मुले, काठी टेकीत चाललेला एखादा धोडिया वृद्ध, कारखान्यातील पाळी संपवून सायकलीवरून निघालेला परप्रांतीय कामगार. डांबर पडण्यापूर्वी ह्या मुलखातील वाटा पायांनी आणि बैलगाड्यांनी पाडल्या. आज त्याच पायांना कडेच्या मातीत, पावसाळ्यात चिखलात उतरावे लागते, आणि मोटारीतील मनुष्याला ते त्याच्या वाटेतील अडथळा वाटतात.

वाट कोणी कोणाला द्यावी ह्याचा नियम धर्मशास्त्राने क्षुल्लक मानलेला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तो आला आहे. वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव ह्यांना वाट द्यावी. आपस्तंबाच्या धर्मसूत्रातही वाहन, भारवाहक, आतुर व स्त्री ही नावे आहेत. मोटार बाळगणारे गृहस्थ ह्यावर म्हणतील की, पाहा, शास्त्राने वाहनाचे नाव आधी घेतले! घेतले खरे, परंतु ते कोणत्या वाहनाचे? बैल जुंपलेली भरली गाडी एकदा चाकोरीत पडली म्हणजे ती बाजूला घेणे किती कठीण, हे खेड्यातील कोणीही सांगेल. राजा, स्नातक व नवरदेव हे मानाचे धनी सोडले तर ह्या यादीत जे आहेत ते सर्व सहजासहजी बाजूला होऊ न शकणारे आहेत. वृद्धाचे पाय उचलत नाहीत, रोग्याला बळ नाही, ओझेवाल्याची मान वळत नाही. ज्याला सरकणे अवघड त्याला वाट, हे ह्या नियमाचे मर्म दिसते. ज्या मोटारीचा वेग पायाच्या एका दाबाने उतरतो आणि चाक दोन बोटांनी वळते, तिला त्या बैलगाडीचा मान मागण्याचा अधिकार नाही. आज मोळीवाली स्त्री त्या यादीत दोन नात्यांनी बसते, ओझे वाहणारी म्हणून आणि स्त्री म्हणून. ती वृद्ध असली तर तीन.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. धर्म, पथिन्, अर्थ व न्याय ह्या चार शब्दांना 'त्यापासून न ढळलेले' ह्या अर्थी पाणिनीने एकाच सूत्रात एकच प्रत्यय सांगितला. त्यावरून धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य असे शब्द सिद्ध होतात. वैद्य ज्याला पथ्य म्हणतो ते मूळ अर्थाने वाट न सोडणे होय. धर्म आणि वाट ह्यांची अशी शेजारी मांडणी पाहून आनंद होतो. परंतु लगेच प्रश्न उभा राहतो. वाट न सोडणे हितकर खरे, पण वाट चांगली असेल तर. आणि वाट होते कशी? चालून. एकदा गेल्याने गवत वाकते, दहादा गेल्याने ते पिवळे पडते, पुढे तेथे माती उघडी पडते, आणि एके दिवशी लोक म्हणू लागतात की येथून वाट आहे. मराठीत ह्याला वहिवाट असा सुंदर शब्द आहे. आणि वहिवाटीचा हक्क म्हणजे काय, ह्यावर ज्या भूमीच्या निमित्ताने जगाच्या न्यायासनापुढे वाद झाला ती भूमी हीच, दादरा आणि नगर हवेलीची.

पेशवे व पोर्तुगीज ह्यांच्यात १७७९ साली तह झाला. त्याअन्वये बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांकडे लावून देण्याचे ठरले, आणि १७८३ व १७८५ साली ती त्यांच्या ताब्यात गेली. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे हा तह व त्यामागून दिलेल्या सनदा वाचल्या गेल्या, तेव्हा न्यायालयाने असे ठरविले की, मराठ्यांनी दिला तो महसूल होता, जहागीर किंवा सरंजाम ह्या स्वरूपाचा. राज्य दिले नव्हते. राज्य झाले ते मागाहून. मराठी सत्ता गेली, इंग्रज आले; त्यांनी पोर्तुगीजांचा अंमल चालू दिला, त्याला मान्यता दिली, आणि महसूल खाण्यासाठी दिलेल्या गावांवर परक्याचे निशाण सुमारे एकशे सत्तर वर्षे फडकत राहिले. ज्याला घरात जेवणापुरते बोलाविले तो घराचा धनी कसा होतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास दूर जावे लागणार नाही.

१९५४ च्या जुलै महिन्यात दादरा मुक्त झाले आणि ऑगस्टच्या २ तारखेस सिल्वासा. ऐन पावसाळ्यात जी तरुण मंडळी त्या संग्रामात उतरली त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, हे येथील वृद्धांना सांगावयास नको. त्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचा आरंभ झाला. रामाच्या वनवासाच्या वाटेला ज्यांनी चाली दिल्या त्यांनी चिखलाची एक वाट आदल्याच वर्षी स्वतः तुडविली होती.

पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. दमणपासून ह्या गावांपर्यंत जाण्यायेण्याचा आपला हक्क भारताने अडविला, अशी त्यांची तक्रार होती. वाद राज्याचा होता, पण तो लढविला गेला वाटेच्या नावाने. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. त्यातील एक भेद प्रत्येक साधकाने समजून घेण्याजोगा आहे. न्यायालयाने म्हटले की, खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल ह्यांची ये-जा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अव्याहत, एकसारखी चालू होती. म्हणून त्यांच्यापुरता वाटेचा हक्क उत्पन्न झाला होता, अर्थात भारताच्या नियंत्रणाच्या अधीन राहून. हे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे मात्र निराळी. तीही त्या वाटेने कित्येकदा गेली होती. परंतु प्रत्येक वेळी परवानगी मागून. जे दर वेळी विचारून गेले त्याचा हक्क झाला नाही. हा भाग आठ विरुद्ध सात अशा एका मताने सुटला. आणि १९५४ च्या त्या परिस्थितीत भारताने जी अडवणूक केली तिच्यात कर्तव्यभंग नव्हता, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. २६ जानेवारी २०२० पासून तर ज्या दमणहून ही वाट मागितली गेली ते दमण आणि ही नगर हवेली एकाच केंद्रशासित प्रदेशात आली आहेत. मधला गुजरात आजही लागतो. त्याला कोणी विचारीत नाही.

क्रोध, लोभ, मत्सर ही मनाच्या प्रदेशातून जाणारी सशस्त्र मंडळी होत. ती कोणाच्या मनातून गेलीच नाहीत असा पुरुष विरळा. परंतु ज्याने प्रत्येक वेळी त्यांना वेशीवर थांबविले, 'कोण? कशासाठी? किती वेळ?' असे विचारले, आणि मग नाइलाजाने का होईना सोडले, त्याच्या मनात त्यांची शंभर वेळा ये-जा झाली तरी वहिवाट पडत नाही. ज्याच्या वेशीवर विचारणाराच नाही त्याच्याकडे ती सामान्य प्रवाशांसारखी येऊ लागतात, आणि काही वर्षांनी 'माझा स्वभावच तसा' हे वाक्य ऐकू येते. ते वाक्य म्हणजे दुसरे काही नाही, हक्क शाबीत झाल्याची कबुली आहे. अन्यमनस्कतेचे खरे नुकसान येथे होते. पायाला गवत लागले, काय लागले ते पाहिले नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. वेशीतून कोण गेले हेही पाहिले जात नाही.

आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवरून वाटेचा हक्क कसा मिळतो ते सांगितले आहे. शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे उपभोग झाला पाहिजे. येथेही परवानगीने केलेल्या उपभोगाला किंमत नाही. आणि खंड म्हणजे काय, हेही त्या कायद्याने स्पष्ट केले आहे. वाट चार दिवस अडविली म्हणजे खंड पडला असे होत नाही. अडवणूक झाल्याचे कळल्यानंतर चालणाऱ्याने ती वर्षभर मुकाट्याने मान्य केली, तरच खंड.

ज्या कोणी हे कलम लिहिले त्याला मनुष्याची प्रकृती चांगली ठाऊक होती. चातुर्मासात पुष्कळ जण काही सोडतात. कोणी कांदालसूण, कोणी तंबाखू. एखादा धीराचा पुरुष सुनेला टोचून बोलणेही सोडतो. चार महिने वाट अडते. कार्तिकी एकादशी होते आणि जुना प्रवासी त्याच वाटेने, त्याच वेगाने, पूर्वीच्याच डौलात पुन्हा येतो. कारण त्याच्या दृष्टीने खंड पडलेलाच नसतो. ह्यावरून व्रते करू नयेत असा अर्थ कोणी काढू नये. व्रत म्हणजे वेशीवर घातलेला आडणा. तो घालणे अवश्यच आहे. तो काढण्याची तारीख आधीच ठरवून ठेवणे तेवढे आवश्यक नाही.

वहिवाट वाईटाचीच पडते असे नाही, हे सांगितले नाही तर विषयाला अन्याय होईल. नित्याचे स्नान, संध्या, नाम, आल्यागेल्याला पाणी देणे ह्यांचीही वहिवाट पडते. किंबहुना मठात नित्यक्रमाला जे महत्त्व आहे ते ह्याचसाठी. अखेरचा काळ जवळ आला म्हणजे बुद्धीचा सारथी थकलेला असतो, वेशीवर विचारण्याचे बळ कोणात उरत नाही. त्या वेळी परवानगीने येणारे सर्व बाहेर राहते आणि ज्याचा हक्क झालेला आहे तेच आत येते. आयुष्यभर दुकानाचा हिशेब केलेला मनुष्य त्या घटकेस आकडे पुटपुटतो, ह्यात त्याची थट्टा करण्यासारखे काही नाही. साठ वर्षांची ती वाट आहे.

आता राहिली एक अडचण, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या सवयीने वाट दिसेनाशी होते तीच सवय नामाच्या बाबतीत उपकारक कशी? मणी सरकत आहेत, ओठ हलत आहेत आणि चित्त भावाच्या जमिनीवर आहे, अशा जपाला काय म्हणावे? सिल्वासापासून किलवणीपर्यंत काही न पाहता येणे आणि एकशे आठ मणी काही न ऐकता ओढणे, ह्यांत फरक तो कोणता? प्रामाणिक उत्तर असे की, त्या क्षणापुरता फरक नाही. दोन्ही अनध्यवसायच. ज्याची ये-जा झाली त्याचीच वहिवाट पडते; ओठांनी केलेल्या जपाने ओठांना हक्क मिळतो, चित्ताला मिळत नाही. पाठशाळेतील मुले पहाटे झोपेच्या भरात संध्येची आचमने करताना दिसतात तेव्हा वडील मंडळी हसून सोडून देतात, आणि ते योग्यही आहे. आधी ओठांना वाट मिळावी, चित्त मागून येईल, असा विश्वास त्यामागे असतो. परंतु तीस वर्षे झाली तरी चित्त मागून आलेले नसेल, तर केव्हातरी माळ थांबवून एक मणी ऐकून पाहावा.

मोटार हाकणाऱ्यालाही ह्याहून निराळे काही करावयाचे नाही. संपूर्ण वाट डोळ्यांत तेल घालून पाहणे कोणासही साधणार नाही. हातांना वाट पाठ असणे हा दोष नसून सोय आहे. हात वाट सांभाळत असतात म्हणून तर डोळे मोकळे होतात. ते मोकळे झालेले डोळे कोठे जातात, एवढाच प्रश्न. उत्सव आटोपून मंडळी आज सायंकाळी परत निघतील. त्या वेळी किलवणी नाक्यापर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना कामावरून घरी परतणारी माणसे चालत असतात. पाऊस पडून गेलेला असला तर कडेला पाणी साचते आणि ती डांबरावर येतात. मागून दिवे आले की मोळीवालीला मान वळवून पाहता येत नाही. ती आवाजावरून अंदाज घेते आणि थांबून राहते.